दोन हजार, पण कशाचे

दि. १४ मार्च २०२५, दुपारी १२ वाजून १० मिनिटे

मी, डॉ. संयोगिता जयराज थोरात, वय ६१ वर्षे, व्यवसाय सेवानिवृत्त प्राध्यापक (उष्णता अभियांत्रिकी), रा. मिरज, जि. सांगली. मला कोणीही बोलाविलेले नसताना पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते, तो असा:

मी वरील विषय बत्तीस वर्षे शिकविला. उत्तरापुढे एकक न लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास मी शून्य गुण देत असे. याबद्दल माझ्याविरुद्ध प्राचार्यांकडे दोन लेखी तक्रारी झाल्या. दोन्हींवर तारीख नव्हती.

तासगावजवळ लालासाहेब यांची बेदाण्याची शेड आहे. यंदा त्यांनी परदेशात वापरून झालेले एक सुकवणी यंत्र आणले. त्यातील तापत्या पट्ट्यांखाली ट्रे ठेवून बेदाण्यात उरलेला ओलावा काढतात. पट्ट्यांची उष्णता किती असावी हे एका तबकडीवर लावावे लागते. तो आकडा काढून देण्यासाठी मला नेमले होते. उत्तर २००० वॅट प्रति चौरस मीटर असे आले. ते आजही बरोबर आहे.

दि. ९ मार्च रोजी यंत्राची पूजा झाली. मी प्रमुख पाहुणी होते. नारळ फोडल्यावर "मॅडम, कुंकू तुमच्या हातानं," असा लालासाहेबांनी आग्रह केला. माझा यंत्रपूजेवर विश्वास नाही, परंतु करावयाचे तर नीट करावे म्हणून मी तबकडीच्या मधोमध, आकड्यांखाली, ठसठशीत कुंकू लावले. तेथे बारीक अक्षरे होती. ती मी वाचली नाहीत. नंतर एका चिठ्ठीवर "२०००" एवढेच लिहून ती यंत्राशेजारच्या खांबाला चिकटविली. एकक लिहिले नाही. वॅटशिवाय दुसरे काही असू शकते, हे मला त्या वेळी सुचले नाही.

यंत्र चालविणारे कृष्णात तानाजी हाक्के, वय ४४ वर्षे, रा. म्हसवडजवळ, जि. सातारा, हे या शेडवर अकरा हंगाम काम करीत आहेत. ट्रे लावण्याआधी पट्टीखाली तळहात धरून आकडे मोजण्याची त्यांची पद्धत आहे. चाळीसपर्यंत हात टिकला तर आच योग्य.

दि. ११ मार्च रोजी सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी त्यांचा मला फोन आला. संभाषण खालीलप्रमाणे झाले.

"बाई, आकडा दोन हजारावर हाय. पर हात धा मोजायच्या आत निघतोय."

मी म्हणाले, "कृष्णात, तुमच्या तळहातावर प्रमाणित असल्याचा शिक्का आहे का?"

"न्हाई."

"तबकडीवर आहे. तिच्यावर विश्वास ठेवा."

"आवं, मी ठिवतो. पर बेदाण्याला तबकडी वाचता येत न्हाई."

मी फोन ठेवला. संभाषण एक मिनिट आठ सेकंद चालले. मोबाईलमधील नोंद दाखविली आहे.

११ वाजून ५ मिनिटांच्या सुमारास बेदाणा करपला, शेडच्या छताखालची प्लास्टिकची जाळी वितळून पट्ट्यांवर पडली व तिने पेट घेतला. कृष्णात यांनी मेन स्विच पाडला व पेटते ट्रे हातांनी ओढून बाहेर टाकले. त्यांचे दोन्ही तळहात भाजले आहेत. रजा नाकारल्याच्या रागातून त्यांनी तबकडी मुद्दाम वाढविली, असा लालासाहेबांचा अर्ज आहे व भाजलेले हात हा त्यातील पुरावा आहे. चिठ्ठीबद्दल कृष्णात यांनी सांगितले तेव्हा लालासाहेब त्यांना म्हणाले, "पीएचडी झालेली बाई चुकंल, का तू रं?" गुन्हा आज दाखल होणार असल्याचे मला काल समजले.

तबकडीवरील माझे कुंकू पुसून पाहावे. यंत्र परदेशी आहे व हात दहाच्या आत निघाला, त्यावरून खाली "बीटीयू प्रति तास प्रति चौरस फूट" असे लिहिलेले आढळेल. असे एक एकक म्हणजे ३.१५ वॅट प्रति चौरस मीटर. म्हणजे तबकडी ६३४ वर हवी होती. २००० वर ठेवल्याने सुमारे ६३०० वॅट प्रति चौरस मीटर उष्णता पडली.

हवालदार धनाजी यांनी विचारले, "म्हंजे मॅडम, एकर सांगून हेक्टर नांगरला?"

प्रत्यक्षातील प्रमाण त्याहून मोठे आहे. तत्त्व बरोबर आहे.

कृष्णात यांनी मी लिहिलेला आकडा लावला. तो चुकीचा असल्याचे त्यांनी मला वेळेत कळविले. त्या वेळी शेडवर अचूक मोजणारे साधन एकच होते व मी त्याची थट्टा केली.

चिठ्ठी आगीत जळाली आहे. तिच्यावर एकक नव्हते, हे मी सांगितल्याशिवाय कोणी मानणार नाही. मधले तीन दिवस मी मिरजेस घरी होते. आकडेमोड तपासत होते. ती एका मिनिटाची आहे.

कृष्णात तीन दिवस ठाण्याच्या बाकावर बसून आहेत. आज मी त्यांच्याशी काय बोलले, ते या जबाबाचा भाग नाही.

हवालदारांनी हा मजकूर मोठ्याने वाचला. माझ्या विनंतीवरून कृष्णात यांनीही तो बाकावरून ऐकला. काही राहिले का, असे विचारता ते म्हणाले, "बाकी समदं बराबर हाय, बाई. पर धाच्या आत म्हंजे किती, ते लिवा की. नऊ हुतं."

नऊ सेकंद. दुरुस्ती मान्य. आता हा जबाब पूर्ण व बरोबर आहे.

(सही) सं. ज. थोरात