दादूची तब्येत झ्याक होती

जमलेल्या मंडळींनो, आणि समोर बसलेल्या शेवंतावहिनी,

माझ्या आधी चौघेजण बोलले. चांगलं बोलले. मला तसं बोलता येत नाही. पंचवीस वर्षं मी या क्लबात कारकून आहे. दुसऱ्यांनी बोलायचं आणि मी उतरून घ्यायचं, हे माझं काम. आज सकाळी अंबाबाईच्या देवळात पायरीवर बराच वेळ बसलो. म्हटलं, आई, दोन शब्द दे. शब्द काही मिळाले नाहीत. एवढंच कळलं, की आज गप्प बसलो तर पुन्हा त्या पायरीवर बसायला तोंड राहणार नाही.

चौघांच्याही बोलण्यात एक वाक्य आलं. दादू कांबळे यांनी प्रकृतीच्या कारणाने खेळ सोडला. त्या फोटोखालच्या पाटीवरही तेच लिहिलंय. मंडळी, पाटीवरचं अक्षर माझं आहे आणि ते वाक्यही माझंच आहे. त्या वाक्यासाठी मी उभा राहिलोय.

वहिनींच्या माहेरची माणसं बिद्रीहून आली आहेत. त्यांना इथला रिवाज ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. टेनिसच्या क्लबात एक मार्कर असतो. तो क्लबाचा नोकर. पहाटे कोर्टवर पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, जाळी ताणायची, आणि मेंबर आले की त्यांच्याशी खेळायचं. खेळायचं म्हणजे काय? तर हरायचं. पण असं हरायचं, की मेंबराला वाटलं पाहिजे आपण जिंकलो.

दादू हे काम तीस वर्षं करत होता. सहा-चार. कायम सहा-चार. मी एकदा विचारलं, "दादू, सहा-शून्यनं हरून मोकळा का होत नाहीस? लवकर सुटशील."

"येडा का खुळा तू, शिरपा?" तो म्हणाला. "सहा-शून्यनं हरलो तर सायबाला कळतंय, ह्यो मुद्दाम हरला. सहा-पाच, सात-पाच झालं तर सायबाच्या छातीत धडधडतंय. सहा-चारनं कसं, घाम बी येतोय आन् घरात जाऊन सांगाय बी येतंय."

डॉक्टरसाहेब, तुम्ही हसलात. हसा. तुम्ही दादूला हरवून एकदा पेढे वाटले होते. त्यातला पेढा दादूनंही खाल्ला, आणि मला म्हणाला, "माज्या हरण्याचा पेढा लई ग्वाड हाय रे."

इथे मेहबूबभाई बसलेत. क्लबाच्या रॅकेटींना तात बांधायचं काम त्यांचं. ते दादूला चिडवायचे, "दादू, तुझ्या रॅकेटला मी तात न बांधता नुसती चौकट दिली, तरी तू सहा-चारनंच हरशील बघ." दादू म्हणायचा, "आन् सायबाच्या रॅकेटची चौकट बी काढून घेतलीस, तरी सायबच जिंकंल."

पण दादू खरा कसा खेळायचा? ते मेहबूबभाई आणि मी, आम्ही दोघांनीच पाहिलंय. दुपारी क्लब रिकामा असताना तो एकटा कोर्टवर उभा राहायचा आणि सर्व्हिस मारायचा. मी समोरच्या कोपऱ्यात माझा रुमाल टाकायचो. दहातले आठ चेंडू रुमालावर. आपल्या क्लबाची स्पर्धा दर हिवाळ्यात होते. दादूनं शिकवलेली मुलं ती जिंकली. त्या मुलांना घडवणारा माणूस कधी त्या स्पर्धेत उतरला नाही. कारण नियम आहे. नोकरवर्गास स्पर्धेत भाग घेता येणार नाही. आणि चहाचा त्याचा कप खिडकीच्या कठड्यावर पालथा असायचा. वेगळा. त्याचा मात्र कुठे लेखी नियम नव्हता.

दादूचं एकच वेड होतं. डेव्हिस कप. पाहुण्यांनो, हा देशादेशांमधला टेनिसचा सामना. दादूला तो का आवडायचा, तर तिथे माणूस एकटा जिंकत नाही, देश जिंकतो. तो म्हणायचा, "तिथं मेंबर न्हाय आन् मार्कर न्हाय. पाठीवर देश हाय, बास."

चौऱ्याहत्तर साली पुण्याला सामना होता. दादू आणि मी एस.टी.नं गेलतो. बाकीचे लोक चेंडूकडे बघत होते, दादू फक्त खेळाडूंचे पाय बघत होता. आपण जिंकलो. अंतिम फेरीत गेलो. मी वळून पाहिलं तर हा खाली बसून चपलेचा अंगठा दुरुस्त करतोय. अंगठ्याला काही झालेलं नव्हतं. त्याला डोळे पुसायचे होते.

परत येताना कागलच्या एका पावण्यानं एस.टी.त विचारलं, "काय, लग्नाला गेलता काय?" दादू म्हणाला, "व्हय. थोरल्याचं हाय, फुडल्या म्हैन्यात." म्हणजे अंतिम सामना.

मग काय झालं, ते तुम्हाला ठाऊक आहे. अंतिम सामन्यात समोर दक्षिण आफ्रिका आली. त्या देशात काळ्या माणसानं कुठं बसायचं, कुठल्या नळाचं पाणी प्यायचं, कुणाबरोबर खेळायचं, सगळं कायद्यानं ठरलेलं. आपल्या देशानं सांगितलं, आम्ही यांच्याशी खेळणार नाही. करंडक हातातोंडाशी आला होता. तो न खेळता समोरच्यांना गेला.

क्लबात दोन तट पडले. कुणी म्हणालं, खेळून हरवायला पाहिजे होतं. कुणी म्हणालं, बरं केलं. शेवटी एका संध्याकाळी याच हॉलमध्ये सभा झाली आणि ठराव झाला. माणसामाणसात भेद करणाऱ्यांशी न खेळण्याच्या देशाच्या निर्णयाचा या क्लबास अभिमान वाटतो. एकमतानं मंजूर. मी तो ठराव वहीत सुवाच्य अक्षरात लिहिला. दादूनं सगळ्यांना चहा दिला. मग कठड्यावरचा आपला कप घेतला आणि बाहेर जाऊन प्यायला.

सभा उठल्यावर तो माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "काय लिवलंस, वाच."

मी वाचला.

त्यानं वही आपल्याकडे वळवून पाहिली. मग म्हणाला, "शिरपा, मला हराय येतंय. तीस वर्सं तेच केलं. पर न खेळता हरायचं, ह्ये मला सुचलंच न्हाय बघ कधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मेंबर कोर्टवर उतरले. त्यांचं नाव घेत नाही, ते आता नाहीत. हाक मारली, "दादू, चल, एक सेट."

दादूनं रॅकेट जाळीला टेकवून ठेवली. "आज न्हाय, सायेब."

"का रं? तब्येत?"

"तब्येत झ्याक हाय."

"मग? डेव्हिस कप खेळायला निघालास काय?"

कोर्टच्या कठड्यावर बसलेले सगळे हसले. मीही ऑफिसच्या दारात उभा होतो. मीही हसलो.

दादू म्हणाला, "न्हाय सायेब. न खेळाय निघालोय. आमास्नी स्पर्धेत घ्या, मग एक सेट काय, धा खेळतो."

हसणं थांबलं. त्यावेळच्या सेक्रेटरीसाहेबांनी शांतपणे सांगितलं, "जे काय असेल ते लेखी दे."

मंडळी, दादूला सही करता येत होती. लिहिता येत नव्हतं. तो माझ्याकडे आला. म्हणाला, "लिव. मार्करला स्पर्धेत खेळू देत न्हाईत तवर मी कोर्टवर उतरनार न्हाय. बास, येवढंच."

मी कागद घेतला. टाक उचलला. आणि मी काय लिहिलं, ते सांगतो. माझी प्रकृती बरी राहत नसल्यामुळे मी यापुढे कोर्टवर उतरू शकत नाही, तरी सहानुभूतीने विचार व्हावा.

का लिहिलं असं? नऊ वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की त्याच्या भल्यासाठी. नोकरी जाईल, कुठलीही शिफारस मिळणार नाही, म्हणून गोड शब्दात लिहिलं. खेड्यातल्या शाळेत आम्हाला असंच शिकवलं होतं. अर्ज करताना नमून लिहावं. पण आज खरं सांगतो. अक्षर माझं होतं. दादूनं सांगितलेलं वाक्य माझ्या अक्षरात कमिटीपुढे गेलं असतं, तर मलाही विचारलं असतं, की तू कुणाच्या बाजूचा? त्या प्रश्नाला मी भ्यालो.

मी कागद पुढे केला. म्हटलं, "वाचून दाखवू?"

तो म्हणाला, "तू लिवलंयस न्हवं? मग वाचायचं काय?"

आणि त्यानं सही केली.

कमिटीला तो कागद फार सोयीचा झाला. आदल्या दिवशी "तब्येत झ्याक हाय" हे ज्यांनी कानांनी ऐकलं होतं, त्यांनीही माना डोलावल्या. दादूला निरोप दिला. शाल दिली, नारळ दिला. सेक्रेटरीसाहेबांनी त्याचा अर्ज मोठ्यानं वाचला. प्रकृती बरी राहत नसल्यामुळे. तेव्हा दादूला पहिल्यांदा कळलं, आपण काय सही केलीय. त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. पुण्याला खेळाडूंचे पाय बघत होता, तसं. नीट, शेवटपर्यंत.

फाटकापाशी मी त्याला गाठलं. हात जोडले. तो म्हणाला, "शिरपा, माज्या तोंडची भाकरी काढलीस असं मी म्हननार न्हाय. माज्या तोंडचं 'न्हाय' काढून घेतलंस तू. जलमात येकदाच म्हनलो हुतो रे."

एवढं बोलून तो फाटकाबाहेर पडला.

पुढे तो कसबा बावड्याच्या साखर कारखान्यावर राखणदार झाला. मी अधूनमधून जायचो. तो खुर्ची द्यायचा, चहा मागवायचा. पाऊसपाण्याचं बोलायचा. ऊस किती झाला, गाड्या किती आल्या. त्या कागदाचं एक अक्षर त्यानं नऊ वर्षांत काढलं नाही. चार शिव्या दिल्या असत्या, तर मी सुटलो असतो. वहिनी, तुम्हाला तरी त्यानं सांगितलं होतं काय? नाही ना. मला वाटलंच.

रोज देवळात जाणारा माणूस मी. एवढ्या वर्षांत देवीपुढे किती वेळा उभा राहिलो! तिच्याकडे क्षमा मागत होतो. ज्याची मागायची, तो दोन मैलांवर कारखान्याच्या फाटकात बसला होता.

गेल्या महिन्यात मेहबूबभाईंचा निरोप आला, की दादूचं काही खरं नाही. मी गेलो. खाटेवर होता. आता मात्र तब्येत खरोखरच गेली होती. मला बघून हसला. म्हणाला, "बघ, तुजं लिवलेलं खरं झालं की."

मी रडलो. तो म्हणाला, "रडाय न्हाय बोलावलं. कागद आनलायस?"

माझ्या पिशवीत कागद असतोच.

"लिव. त्या येळचं. जसं सांगटलं हुतं तसं."

मी लिहिलं. सही करायला कागद पुढे केला, तर त्यानं हात मागे घेतला.

"ह्या खेपेला वाचून दाखव," म्हणाला.

मी वाचून दाखवलं. त्यानं दोनदा वाचायला लावलं. मग सही केली. सहीला बराच वेळ लागला. वहिनींनी मागून पाठीला आधार दिला होता. तेव्हा वहिनींना वाटलं असेल, काहीतरी कारखान्याचा कागद असेल.

वहिनी, तो हा कागद. आता तुमच्यासमोर वाचतो.

"मी, दादू कांबळे, या क्लबाचा मार्कर. मार्कर लोकांना क्लबाच्या स्पर्धेत खेळू देत नाहीत, तोपर्यंत मी कोर्टवर उतरणार नाही. माझी तब्येत झ्याक आहे."

शेवटचं वाक्य त्यानं नव्यानं घातलं.

सेक्रेटरीसाहेब, हा कागद मी तुमच्या टेबलावर ठेवतो. उशीर झालाय, पण अर्ज आलेला आहे. तो वहीत त्या ठरावाच्या शेजारी चिकटवावा, एवढी विनंती. नियम अजून तोच आहे. दर हिवाळ्यात स्पर्धेचं पत्रक निघतं, त्यावर तो नियम मीच लिहितो. यंदा मी लिहिणार नाही. ज्यांना लिहायचा असेल त्यांनी आपल्या अक्षरात लिहावा. आणि आता मला विचारा, की तू कुणाच्या बाजूचा.

पाटी मात्र मी जाताना उतरवून नेणार आहे. ती माझ्या हातची आहे.

रिवाजाप्रमाणे आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं असतं. माझं मन त्याला तयार नाही. नऊ वर्षं गप्प राहिलेल्या माणसानं तुमच्याकडे आणखी गप्प राहणं कशाला मागावं? माझं मागणं वेगळं आहे. क्लबाच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. पहाटे कोर्टवर पाणी मारलं की नाही, रेषांवर फक्की पडली की नाही, हे मी बघतो. उद्या पाणी पडणार नाही. फक्की पडणार नाही. जाळी ताणली जाणार नाही. तुम्ही रॅकेटी घेऊन जरूर या, आणि कठड्यापाशी उभे राहून त्या रिकाम्या कोर्टकडे एकदा बघा. एक दिवस न खेळता परत जा. त्यानं सांगितलेलं एवढंच होतं.

दादू, या खेपेला वाचून दाखवलं रे.

तुला माझा नमस्कार.