‘हो जाएगा’च्या कॉलेजात ‘नाही’ म्हणणाऱ्या बाई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मराठी मंडळाचे आधारस्तंभ सुभेदार मेजर सर्जेराव जगताप साहेब. ज्यांच्या कॉलेजच्या या सभागृहात आपण निवांत बसलो आहोत ते प्राचार्य माथुर सर. ज्यांच्या बदलीमुळे आजचा हा दिवस आमच्यावर उगवला ते कर्नल विजय देवधर साहेब. सत्कारमूर्ती प्राध्यापिका सुनेत्राताई देवधर. सोडाल्यापासून आदर्श नगरपर्यंत आणि लष्करी छावणीतून आवर्जून आलेल्या भगिनींनो, बंधूंनो. आणि मागच्या रांगेत मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या आयटीतल्या तरुण मंडळींनो, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी गजानन इंगोले, मूळचा अकोल्याचा. याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. सर्जेराव साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलेलं मला दिसतंय. साहेब, आम्ही मास्तर लोक; तास संपल्याशिवाय आमचं थोडक्यात होत नाही.

माथुर सरांना मराठी येत नाही. तरीही ते मघापासून प्रत्येक वाक्याला मान डोलावताहेत, कारण शेजारी बसलेल्या सुनेत्राताई सगळं त्यांच्या कानात हिंदीत सांगताहेत. आहे की नाही गंमत? ज्या बाईंना आपण निरोप देतोय, त्यांनाच आपण कामाला लावलंय.

मंडळी, ताई येण्यापूर्वी या कॉलेजात कार्यक्रम ठरायचे कसे? अगदी सोपं होतं. माथुर सरांच्या खोलीत जायचं, चहा प्यायचा, तारीख मागायची. सर म्हणायचे, “हो जाएगा.” सर स्वभावाने देवमाणूस. दारी आलेल्याला नकार देणं त्यांच्या घराण्यात नाही. अडचण एवढीच, की देवाला शंभर भक्त असतात आणि कॉलेजला सभागृह एक.

मग व्हायचं तेच झालं. एका रविवारी याच जागेत रक्तदान शिबिर होतं आणि हास्य कविसंमेलनही होतं. दोन्ही सर्वांसाठी खुली. अजमेरहून कविराज आले. दारातल्या स्वयंसेवकांनी त्यांना मोठ्या आदराने आत नेलं आणि खाटेवर झोपवलं. कविराजांना वाटलं, प्रवासाचा शीण जावा म्हणून केलेली सोय असेल. त्याच वेळी हिंदी विभागाने शिबिराच्या डॉक्टरांना मंचावर बसवलं, डोक्याला केशरी साफा बांधला, खांद्यावर शाल घातली आणि दोन ओळी ऐकवण्याचा आग्रह धरला. डॉक्टरही सज्जन. त्यांनी मधुमेहावर दोन ओळी ऐकवल्या, आणि लोक हसलेसुद्धा! इकडे कविराज हातात केळं आणि बिस्किटं घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, “श्रोता तो हमारा खून पीते ही थे, आपने बाकायदा बोतल लगाकर निकाला.”

हसा, हसा. आज हसू येतं. पण त्या दिवशी खातीपुऱ्याहून लेकरंबाळं घेऊन कविता ऐकायला आलेली माणसं मागच्या बंद फाटकावरून परत गेली. पुन्हा कशाला येतील ती? कॉलेजात कार्यक्रम आहे म्हटलं, की आसपासचे लोक नमस्कार करून रस्ता बदलायचे.

अशा वेळी सुनेत्राताई आल्या. भूगोल शिकवायला आल्या आणि कार्यक्रमांचं जोखड मानेवर घेऊन बसल्या. त्या साताऱ्याकडच्या. त्यांनी पाहिलं आणि एकच गोष्ट विचारली, “गावाकडे लग्नात पंगत वाढायला कोण उभं राहतं?” मी म्हटलं, “भावकी.” म्हणाल्या, “मग इथे प्रत्येक जण आपल्याच मांडवात नवरदेव का?”

झालं! तेव्हापासून या कॉलेजात नियम झाला. ज्या विभागाला सभागृह हवं, त्याने आधी दुसऱ्याच्या कार्यक्रमात राबायचं. आणि तारीख मागायची ती बंद खोलीत चहा पिऊन नव्हे, तर सोमवारी इथे, सगळ्यांच्या देखत. जमत असेल तर हो. जमत नसेल तर तोंडावर नाही.

माझ्या वाट्याला आलं कविसंमेलनाचं फाटक. रसायनशास्त्रातला पीएच.डी. माणूस मी, गळ्यात शिट्टी अडकवून गाड्या लावत होतो. एका गृहस्थांनी खिडकीतून किल्ली माझ्या हातावर ठेवली, “भैया, ज़रा छाँव में लगा देना.” लावली, काय करता? पुढच्या महिन्यात तेच गृहस्थ मुलाच्या मार्कांची चौकशी करायला माझ्याकडे आले. बराच वेळ माझ्याकडे निरखून पाहत होते. शेवटी हळूच म्हणाले, “आप दोनों काम करते हैं?”

पण खरं सांगतो, त्या फाटकावर उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं, की कोणत्या फाटकाने यायचं ते आमच्या पत्रिकांवर कधी छापलेलंच नसतं. म्हातारी माणसं कॉलेजला वळसा घालून दमून जायची. खोलीत बसून हे कुणाला कळणार? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पुढच्या पत्रिकेवर फाटक छापलं गेलं, आणि खुर्च्या कमी पडल्या.

आता एक नाजूक गोष्ट. कर्नल साहेब, तुम्ही तेव्हा सीमेवर होतात, तुम्हाला कदाचित घरी सांगितलीही नसेल. आमच्या संचालक मंडळातल्या एका सेठजींना पुतण्याच्या साखरपुड्यासाठी हे सभागृह हवं होतं. नेमका त्याच दिवशी आसपासच्या शाळांतल्या मुलांसाठी विज्ञान मेळावा ठरलेला. माथुर सर काय म्हणाले असतील? बरोबर. ताईंची नेमणूक तर दर वर्षाची, आणि ती पुढे चालवायची की नाही हे ठरवणारे हेच सेठजी. सोमवारी ते जातीने आले. ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सेठजी, उस दिन बच्चे आ रहे हैं. नहीं हो पाएगा. दूसरी तारीख मिलेगी, मगर पहले किसी और के कार्यक्रम में सेवा करनी पड़ेगी.”

सेठजी तडक उठून गेले. आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात ताईंचा निरोप समारंभ त्याच दिवशी उरकून टाकला.

मेळाव्याच्या दिवशी पाहतो तर काय! सेठजी पांढरा कुर्ता घालून पाण्याच्या माठांपाशी उभे, आणि एकेका पोराच्या हातात पेला देताहेत. मी धावलो, तर मलाच म्हणाले, “प्याऊ पर तो हमारे दादाजी भी बैठते थे. इसमें कैसी शर्म? आप उधर लाइन सीधी कराइए.” साखरपुडा पुढच्या आठवड्यात झाला आणि तिथे पुऱ्या वाढायला आमचा रसायन विभाग होता. ताईंची नेमणूकही पुढे चालू राहिली. नाही म्हटल्याने माणूस तुटत नाही, हे आम्हाला त्या बाईंनी असं दाखवलं.

आता त्या निघाल्या. मग पुढे काय? ही काळजी मला रात्रंदिवस खाते आहे, आणि त्यात माझा स्वार्थही आहे. ताईंची जागा मला हवी आहे. मी माथुर सरांकडे गेलो. सर म्हणाले, “हो जाएगा.” मी पेढे आणले. संगणक विभागातल्या आमच्या सांगलीच्या उत्कर्षाला पेढा द्यायला गेलो, तर तिच्या टेबलावर मिठाई! तिलाही “हो जाएगा.” आणखी कोणी आहे का? ... अरे! हिंदीचे राठौडजी मागून हात वर करताहेत!

ताई, तुम्ही भाषांतर का थांबवलंत? बरं, मीच विचारतो. माथुर सर, क्षमा कीजिए. सुनेत्रा मैडम का काम आगे कौन देखेगा? हम तीन हैं. दो को सबके सामने मना कर दीजिए. मुझे करना हो, तो मुझे.

...

मंडळी, मागच्यांना ऐकू आलं का? सर म्हणाले, “गजाननजी, आपको नहीं. राठौडजी, आपको भी नहीं. उत्कर्षा करेगी.” अहो, टाळ्या वाजवा! एवढ्या वर्षांत सरांच्या तोंडून हा शब्द मी प्रथमच ऐकला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला!

वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच लागलं. पण सर, मी घरी जाऊन वाट पाहत बसणार नाही. रोज तुमच्या दारावरून जाताना तुमच्या चेहऱ्याकडे बघणार नाही. हे केवढं मोकळं वाटतं, ते मला आत्ता कळतंय. उत्कर्षा, मनापासून अभिनंदन.

मंडळाने मला बोलण्याची संधी दिली, अध्यक्षांनी घड्याळाकडे कानाडोळा केला, माथुर सरांनी माझा आगाऊपणा सहन केला, सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्यावं. आणि सुनेत्राताई, डोळे पुसा. तुमच्यामागे इथे नाही म्हणणारं माणूस उरलं नाही, म्हणून तुम्ही रडत होतात ना? आता दोन आहेत, माथुर सर आणि तुमच्या जागी आलेली उत्कर्षा. निश्चिंत मनाने जा.

नमस्कार.