सरकारजमा

हॅलो?… हो, गुरुजीच बोलतोय. बोल, राजकुमार… थांब. तुझं सांगण्याआधी माझं थोडं ऐकून घे. ज्याला कोणीच नाही त्याचं राज्यानं पाहावं, हा धर्म आहे. ज्याला सगळे आहेत आणि तरी कोणी नाही, त्याचं कोणी पाहावं, हे मला उभ्या आयुष्यात उलगडलेलं नाही. हं. आता बोल.

हो, तुझी आई समोरच बसली आहे. मेथी निवडते आहे… नाही रे, मी उठून आत जाणार नाही. माझे गुडघे आणि तुझा संकोच, दोन्ही मला एकदम सांभाळता येत नाहीत. बोल तू.

ऐकतोय… निराधार योजनेची चौकशी. बरं. तलाठीबाई उद्या येणार, घरमालक म्हणून मलाही विचारणार… मग मी काय सांगायचं?… मुलगा सांभाळत नाही, असं?… अच्छा. मुलगाच नाही, असं.

अरे, पण तू सिडकोत राहतोस. इथून, औरंगपुऱ्यातून रिक्षानं कितीसं अंतर… हो, हो, फ्लॅट लहान आहे, ठाऊक आहे. मुलांची अभ्यासाची खोली, देवघर, सूनबाई सुलेखाचं शिवणयंत्र… टोमणा नाही रे. आई नेमकी कुठं मावत नाही, ते पाहतोय.

कर भरतोस, मान्य… सरकारचं काही कर्तव्य आहे, तेही मान्य. रस्ता करावा, नळाला पाणी सोडावं. म्हणून आई सरकारजमा करायची?… हो, गल्लीत पुष्कळ जण घेतात… अरे, ऐक ना. मी तुला अडवत नाही. व्याकरणानं तुझं बरोबरच आहे. निराधार म्हणजे जिचा आधार निघून गेला ती. निघून तर तू गेलासच.

राजकुमार… ऐक. तलाठीबाई उद्या येणार नाहीत. आज सकाळीच येऊन गेल्या.

नाही, नाही, काही बिघडलं नाही. काम होईल म्हणाल्या. घाबरू नकोस. तू पढवलं होतंस ते तुझी आई चुलीशी, नळाशी घोकतच होती, ‘मला पोरगा नाय, मला पोरगा नाय.’ पण बाईंनी समोर बसून विचारलं, ‘मावशी, मुलगा?’ तेव्हा ते शब्द काही तिच्या तोंडून निघेनात. म्हणाली, ‘पोरगा गेला ओ.’

हो, ‘गेला’. एवढंच… सिडकोला गेला, असंच तिच्या मनात असेल. बाईंना काय ठाऊक? त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘कधी गेला, मावशी?’ आई म्हणाली, ‘लई वर्षं झाली.’… बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं… आई? छे. उलट तिनंच बाईंना तांब्या-भांडं आणून दिलं.

मला विचारलं की. ‘गुरुजी, खरं का?’ मी म्हणालो, ‘हो, गेला.’ क्रियापद खरं होतं. अर्थ ज्याचा त्यानं लावावा.

चुकून?… मलाही तसंच वाटलं. बाई गेल्यावर मी तुझ्या आईला म्हणालो, आवडाबाई, त्यांचा गैरसमज झाला, कळलं ना तुम्हाला? म्हणाली, ‘कळलं की. म्हून तर गप बसले.’



रविवारी?… मुलांना घेऊन?… रविवार अवघड आहे. तलाठीबाई जाताना म्हणाल्या, ‘मावशी, मला लेक समजा, रविवारी येत जाईन.’ त्या बसलेल्या असताना तू दारात उभा राहिलास, तर कोण म्हणून सांगू? तू जिवंत दिसलास की आईचं नाव कापलं जाईल. आणि खोटं बोललीस म्हणून जाब तिलाच विचारतील, तुला नव्हे.

काय म्हणालास?… भाचा?… थांब, विचारतो. आवडाबाई, राजकुमार म्हणतो, भाचा म्हणून येऊ का… काय?… बरं.

ऐक. ती नको म्हणते. भाचा आला तर जेवू घालावं लागतं, म्हणते. खोली भाड्यानं बघायला आलेला माणूस म्हणून ये, असं सांगते. दारातूनच बघायची, कधी रिकामी होईल ते विचारायचं, आणि जायचं.

नाही रे, रागावलेली नाही. मेथीच निवडते आहे… फोन?… देतो… नाही घेत. हाताला माती आहे, म्हणते.

रडू नकोस. सूनबाई ऐकतील… जेवलास का?… जेवून घे. इथली काळजी नको, भाजी आता चुलीवर चढेल. तुझ्या घरी काही उणं न पडो. मुलं शहाणी होवोत, सुलेखा सुखात राहो… आणि तू, बाळ, औक्षवंत हो.

ठेवतो.