पहिलवानाचा शेर

राजेहो, माझी देवरीची सोयरीक मोडली ती मी काडीपहिलवान म्हणून नाही. मोडली ती एका शेरापायी.

देवरीचे पाहुणे मला पाहून गेले आणि त्यांचा निरोप आला, "पोरगा लयच वाळला आहे. दिवाळीत पुन्हा पाहू." म्हणून मी गोंदियाच्या एका पहिलवानाला आमच्या गावी, मुर्रीला घरी बोलावलं, मला कसरत शिकवायला. त्यानं माझा दंड दोन बोटांत धरून पाहिला, सुस्कारा टाकला आणि बाबांना म्हणाला, "हमको रोज दो शेर दूध लगेगा. दिवाली तक लड़के को शेर बना देंगे."

बाबांचं हिंदी धान विकण्यापुरतं. त्यांनी विचारलं, "किती शेर?"

पहिलवानानं छाती फुगवली. "शेर! एकदम शेर!"

"म्हंजे एकच?"

"एकच काफी है, काका. सारा गाव डरेगा."

बाबा माझ्याकडे वळले. "काऊन रे, अक्कल विकून आला का? हा मानूस रोज दोन शेर दूध पिईन, आन् दिवाळीले आपल्याले एक शेर वापस देईन? याच्यापरीस आपली म्हैस बरी!"

पहिलवान वैतागला. दोन्ही हातांचे पंजे करून तो बाबांपुढे गुरगुरला, "अरे काका, वो शेर नहीं! जंगल का शेर!"

बाबांनी त्याला हात जोडले. "मंग तं नोकोच, भाऊ. जंगलातलं माप आपल्याहून लहान रायते."