तिसरं कडवं

नागरा गावाला जाणाऱ्या एसटीची वाट पाहत पुष्पांजली स्टँडवर बसली होती. शेजारी भजनी मंडळातल्या दोघी बोलत होत्या.

"रुख्माबाई, भजनाले काऊन येऊन नाही राहिल्या?"

"कोणत्या तोंडानं येऊ वो? महादेवासमोर डोळे मिटले, अन् सिरीयलचं गाणं निघालं!"

"मंग? आमी मागून म्हटलंच ना, टाळ वाजवून!"

"जावईबुवा म्हणतात, धर्म बुडवला."

"बुडते कायचा? पुजाऱ्याच्या घरचा टीव्ही महादेव रोज आयकते."

"अन् पुन्हा तेच निघालं तं?"

"तं तिसरं कडवं पाठ करून या. तिथंच साऱ्या अडकलो होतो."

भजनात सिरीयलची गाणी नकोत म्हणून गावभर भांडणारी पुष्पांजली गाडीत चढली, ती तिसरं कडवं गुणगुणतच.