चिंधी बांधलेला दुधी

खेडच्या एसटीच्या रांगेत मृदुलाच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. म्हाताऱ्याच्या कवेत बक्षिसाची चिठ्ठी लावलेला हातभर दुधी होता.

“प्रदर्शनात पयला नंबर आला, आन तू गप?”

“त्याला चिंधी बांदली व्हती म्या.”

“मला वाटलं, दिष्ट लागू नये म्हून.”

“बियाला राखला व्हता.”

“मग फोडून बी काढू की.”

“कवळं निघंल. नख रुततंय बघा.”

“दुसरा राखू.”

“येल उपटून वाफा मोकळा केला न्हवं तुमी?”

“तुज्या म्हायेरचं आनू.”

“आईच्या परसात आता कंपनीची शेड हाय.”

म्हातारा दुधीवरून हात फिरवत राहिला.

“बी कुटलं, आसं सायबानं इचारलं, तवा तुज्या आईचं नाव सांगितलं गं.”

“लिवून घेतलं त्यांनी?”

“घेतलं.”

“मग तेवडंच ऱ्हायलं तिचं.”