पद्मा मगदूमचं यीस्ट

आप्पा, काकू, संस्थेतले सगळे सहकारी, आणि गावाकडनं गाड्या करून आलेले पाहुणे,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हणालो होतो. आठवडाभर माझा पाय एका जागी ठरत नाही. आत्तासुद्धा खुर्चीत बसवेना म्हणून मागं दाराशी उभा होतो. आठवेल तसं बोलतो. मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

मी सुहास जाधव. मूळचा कोरेगावचा. पद्मा आणि मी इथल्या प्रयोगशाळेत एकाच टेबलाच्या दोन बाजूंना काम करत आलो. ती यीस्टची, मी रसायनाचा. गेल्या सोमवारी डोकं दुखतंय म्हणत तिनं हात धुतले आणि बाहेर बाकावर येऊन बसली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यात पोचेपर्यंत तिचं बोलणं थांबलं होतं. त्याच रात्री ती गेली.

ती नेमकं काय करायची, हे गावच्या मंडळींना सांगायला हवं. मळीपासून अल्कोहोल होतं, हे तुम्हाला माहीत आहे. मळीतली साखर यीस्ट खातं आणि अल्कोहोल सोडतं. पण साखर उसाच्या वाळल्या पाल्यात, पाचटातही असते. जिभेला लागत नाही, इतकी घट्ट बांधलेली असते. वाफ आणि आम्ल देऊन ती सोडवावी लागते. आणि सोडवली, तरी तिच्यातली झायलोज नावाची साखर नेहमीचं यीस्ट खातच नाही. पद्माला ती खाणारं यीस्ट हवं होतं. त्यातून गाडीचं इंधन होईल, आणि मधुमेहाच्या माणसाला चालेल अशी गोडीही होईल, हा तिचा ध्यास.

आता मगदूमांचं जैन घर कसलं, ते तुम्ही जाणता. दिवस मावळायच्या आत जेवण. कांदा नाही, बटाटा नाही, आंबवलेलं काही नाही. दिवसभर यीस्ट वाढवणाऱ्या या बाईनं जन्मात पावाचा तुकडा तोंडात घातला नाही. आम्ही चेष्टा करायचो. ती हसायची. पण तिला ते टोचत होतं, कारण घरी वडील, आपले आप्पा, विचारायचे, दिवसभर तिथं करतीस तरी काय?

आप्पा, तुमच्यासमोर सांगतो. चालेल ना?

आप्पा पहिल्यांदा प्रयोगशाळेत आले, तेव्हा पद्मानं त्यांना सूक्ष्मदर्शकातून यीस्ट दाखवलं. एका पेशीला बारीक कोंब फुटत होता. आप्पांनी बराच वेळ डोळा काढला नाही. मग विचारलं, "ही जित्ती हायत?"

"व्हय आप्पा."

"आन काम झाल्यावर?"

पद्मा काहीतरी गोलमाल सांगू शकली असती. नाही सांगितलं. म्हणाली, "काम झालं की आमीच मारतो. वाफेनं."

आप्पा बाहेर गेले, चपला घातल्या, आणि पुढं कितीतरी महिने घरात तिच्या कामाचा विषय निघाला नाही. तिनं काम सोडलं का? नाही सोडलं. आप्पांकडं जायचं सोडलं का? तेही नाही. दोन्हीकडं जात राहिली, आणि दोन्हीकडं अस्वस्थ राहिली.

मग एकदा ऊस तुटून गेल्यावर पाचट आणायला आम्ही टेंपो घेऊन आप्पांच्या रानात गेलो. आप्पा पेटवायच्या तयारीत होते. सगळेच पेटवतात. पद्मानं वाकून पाचटाचा थर उचलला. खाली कोळी, किडे, गांडुळं, एक बेडकी. ती म्हणाली, "आप्पा, माझ्या टाकीतली मरतात, खरं हाय. पण काडी लावल्यावर ह्यांचं काय हुतं?"

आप्पांनी हातातली काडी टाकून दिली. काडेपेटी खिशात घातली. त्या वर्षापासून मगदूमांच्या रानात धूर झाला नाही.

आणि त्याच रानात, खालच्या कुजलेल्या पाचटात, तिला तिचं यीस्ट सापडलं. झायलोज खात होतं, पण आमच्या आम्लाच्या पाण्यात टिकत नव्हतं. तिनं त्याला सवय लावली. आज थोडं, नंतर थोडं जास्त. छोट्या भांड्यात जमलं. मोठ्या टाकीत नासलं. पुन्हा केलं, पुन्हा नासलं. शेवटी या हंगामात त्या गोडीचे पांढरे स्वच्छ खडे हातात आले. ते घेऊन ती घरी गेली. आप्पांनी तळहातावर घेतले, पाहिले, आणि परत दिले. म्हणाले, दिसायला लय झ्याक हाय, पण मला नको.

मी तिला विचारलं, वाईट वाटलं का? ती म्हणाली, "त्यांनी खाल्लं असतं तर वाईट वाटलं असतं."

त्यानंतर तिनं इंधनाचा प्रयोग लावला. ती गेली तेव्हा टाकी चालूच होती. अजून चालू आहे. तिचा सावडण्याचा विधी झाला आणि दुसऱ्या दिवशी आप्पा एकटेच प्रयोगशाळेत आले. म्हणाले, "तिच्यामागं ह्यांस्नी कोण बघतंय?"

"मी बघतोय."

"जमतंय?"

"न्हाई आप्पा. तिच्यासारखं न्हाई जमत."

ते टाकीशेजारी स्टुलावर बसले. नळीतून पाण्यात बुडबुडे येत होते, ते ऐकत बसले. ऊन उतरलं तसे उठले आणि म्हणाले, "बंद करायची घाई करू नगा."

हे त्यांनी त्या जिवांसाठी म्हटलं, की लेकीच्या कामासाठी? मला कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही. मित्रहो, यीस्टचा नमुना आम्ही थंडीत जपून ठेवलाय, तिचं काम थांबणार नाही. पण टाकीतली साखर संपत आलीय. बुडबुडे मंदावलेत. उद्या मला वाफेची कळ फिरवावी लागेल. आजवर ती कळ मी कधी फिरवलेली नाही. तीच फिरवायची. प्रत्येक वेळी, कुणाला हात लावू न देता. का, ते मला आत्ता समजतंय.

आप्पा, उद्या सकाळी मी कळ फिरवीन तेव्हा तुम्ही यायलाच हवं असं नाही. पण आलात, तर मला आधार वाटेल.

आता सगळ्यांनी उभं राहूया. थोडा वेळ कुणीच काही बोलू नये.

पद्मा, जय जिनेंद्र.